प्रोस्टेटचा कर्करोग : मौन सोडा, उपचार आहेत



पिंपरी-चिंचवडची ओळख करून देताना आपण कारखान्यांची नावे घेतो. टेल्को, बजाज, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, एसकेएफ. १९६०च्या दशकात येथील माळरानावर उद्योगनगरी आकार घेऊ लागली आणि सातारा, सांगली, सोलापूर, नगर, मराठवाडा, खानदेश, कोकण अशा सर्व भागांतून विशी-पंचविशीतील तरुण येथे आले. त्यांनी तीन पाळ्यांत काम केले, गृहरचना संस्था काढल्या, प्राधिकरणात घरे बांधली, शाखा लावल्या, गणेशोत्सव उभे केले, मुलांना शिकविले. ती पिढी आज साठी, सत्तरी आणि ऐंशीच्या घरात आहे. त्यांची मुले चाकणच्या कारखान्यांत कामाला जातात. सकाळी मुलगा कंपनीच्या बसने निघतो, सून नोकरीवर जाते, नातवंडे शाळेत जातात आणि घरात वडील उरतात. रात्री ते चार-पाच वेळा उठतात, लघवीला अडखळत होते, कंबर दुखते. विचारले तर उत्तर ठरलेले असते, "वय झाले, चालायचेच."

आजचा विषय या "चालायचेच" या शब्दाशी संबंधित आहे. प्रोस्टेट, म्हणजे पुरःस्थ ग्रंथी, तिचा कर्करोग, तो लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचला तर काय होते आणि त्यावर कोणते उपचार आहेत, याचा विचार आपल्याला करावयाचा आहे. विषय संकोचाचा आहे हे मान्य करूनच तो घरातील सर्वांसमोर मांडला पाहिजे, कारण या आजारात संकोचाने होणारे नुकसान मोठे आहे.

ग्रंथी एक, आजार दोन

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखाली असणारी अक्रोडाएवढी ग्रंथी. मूत्रमार्ग तिच्या मधून जातो. वय वाढते तशी ही ग्रंथी बहुतेक पुरुषांत वाढते आणि मूत्रमार्गावर दाब आणते. धार बारीक होणे, थांबून थांबून होणे, रात्री वारंवार उठावे लागणे, ही त्या वाढीची लक्षणे. ही साधी वाढ म्हणजे कर्करोग नव्हे आणि तिचे कर्करोगात रूपांतरही होत नाही. बहुसंख्य ज्येष्ठांचा त्रास एवढाच असतो आणि तो गोळ्यांनी किंवा छोट्या शस्त्रक्रियेने आटोक्यात येतो.

कर्करोग हा याच ग्रंथीचा दुसरा आजार. तो बहुधा ग्रंथीच्या कडेच्या भागात सुरू होतो, मूत्रमार्गापासून दूर. म्हणून सुरुवातीला लघवीचा त्रास होतच नाही. त्रास होत नाही म्हणून आजार नाही, हा समज येथे फसवा ठरतो. लघवीत रक्त येणे, लघवी तुंबणे, पाठीच्या कण्यात किंवा कमरेच्या हाडांत सतत दुखणे, वजन घटणे ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा आजार अनेकदा ग्रंथीबाहेर पडलेला असतो.

हा पाश्चात्त्यांचा आजार, आपल्याकडे नाही, असे पूर्वी म्हटले जाई. आज मुंबई, पुणे, दिल्ली यांसारख्या महानगरांच्या कर्करोग नोंदणीत तो पुरुषांच्या पहिल्या दहा कर्करोगांत आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी आढळणाऱ्या नव्या रुग्णांची संख्या २०२० मधील १४ लाखांवरून २०४० मध्ये २९ लाखांपर्यंत जाईल. याचे मुख्य कारण आयुर्मान वाढले हेच आहे. वय, घराण्यातील आजार आणि काही जनुके ही या रोगाची प्रस्थापित कारणे. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला हा आजार झाला असेल तर धोका सुमारे दुपटीने वाढतो. म्हणून वडिलांनी आजार लपविला, तर ते मुलापासूनही एक उपयुक्त माहिती लपवितात.

तपासणी करावी की करू नये?

रक्तातील पीएसए या घटकाची चाचणी आणि गुदमार्गे बोटाने केलेली तपासणी, या पहिल्या दोन पायऱ्या. दुसऱ्या पायरीचे नाव काढताच माणसे उठून जातात. ती तपासणी अर्ध्या मिनिटाची असते आणि अनुभवी मूत्ररोगतज्ज्ञाचे बोट पुष्कळ काही सांगून जाते.

पीएसए वाढला म्हणजे कर्करोग झालाच, असे मात्र नाही. साधी वाढ, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, नुकतीच घातलेली लघवीची नळी यांनीही तो वाढतो. उलट, साध्या वाढीसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही गोळी काही महिने घेणाऱ्याचा पीएसए जवळजवळ निम्मा दिसतो. अशा गृहस्थाचा आकडा ३ आला तर तो प्रत्यक्षात ६ च्या आसपास समजावा लागतो. घरातील गोळ्यांची पिशवी तपासणीच्या वेळी डॉक्टरांसमोर ठेवावी, ती याचसाठी.

सरसकट सर्वांनी ही चाचणी करावी, असा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे नाही आणि त्याला कारण आहे. या ग्रंथीचे काही कर्करोग इतके संथ असतात की ते माणसाला आयुष्यभर त्रास देत नाहीत. ब्रिटनमध्ये १,६४३ रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासाचे १५ वर्षांचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ग्रंथीपुरता मर्यादित आजार असलेल्या या रुग्णांपैकी काहींवर शस्त्रक्रिया झाली, काहींना किरणोपचार दिले आणि काहींवर केवळ बारीक लक्ष ठेवले गेले. तिन्ही गटांत या कर्करोगाने मृत्यू येण्याचे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपासच राहिले. म्हणून सौम्य आजारात 'लक्ष ठेवणे' हाही शास्त्रशुद्ध उपचार आहे. पन्नाशीनंतर, आणि घराण्यात आजार असल्यास पंचेचाळिशीनंतर, डॉक्टरांशी बोलून चाचणीचा निर्णय घ्यावा, हा समतोल मार्ग.

उद्योगनगरीला हे समजावून सांगणे अवघड नाही. यंत्र बंद पडण्याची वाट न पाहता ठरल्या दिवशी ते उघडून पाहण्याची शिस्त ज्यांनी तीस-पस्तीस वर्षे पाळली, तेच गृहस्थ स्वतःच्या शरीराबाबत यंत्र बंद पडेपर्यंत थांबतात. नोकरीत असताना कारखान्याचा दवाखाना वर्षातून एकदा बोलावीत असे. निवृत्तीनंतर बोलावणारे कोणी उरत नाही आणि नेमका तेव्हाच या आजाराचा काळ सुरू होतो.

लसिका ग्रंथी म्हणजे शरीराची नाकी

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. अवधाण म्हणजे सुजलेली लसिका ग्रंथी. रक्तवाहिन्यांप्रमाणेच शरीरात लसिकावाहिन्यांचे जाळे असते. पेशींभोवतीचे पाणी ते गोळा करते आणि पुन्हा रक्तात नेऊन सोडते. या वाटेवर जागोजागी वाटाण्याएवढ्या ग्रंथी असतात. जकात होती तोवर शहरात शिरणारी प्रत्येक मालमोटार नाक्यावर थांबत असे. तसे वाटेवरून जाणारे जंतू आणि परक्या पेशी या ग्रंथींत अडविल्या जातात.

प्रोस्टेटमधून सुटलेल्या कर्कपेशी प्रथम ओटीपोटाच्या आत, मोठ्या रक्तवाहिन्यांच्या कडेने असलेल्या ग्रंथींत पोहोचतात. या ग्रंथी जांघेतल्या नव्हेत. त्या खोल असतात, हाताला लागत नाहीत आणि दुखतही नाहीत. म्हणून चाचपून काही कळत नाही.

येथे दोन अवस्थांतील फरक प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावा. आजार ओटीपोटातील जवळच्या ग्रंथींपुरता असेल, तर तो 'स्थानिक परिसरातील प्रसार' होय. आजार पोटाच्या वरच्या भागातील महारोहिणीलगतच्या ग्रंथींत, हाडांत किंवा अन्य अवयवांत गेला असेल, तर तो 'दूरचा प्रसार'. डॉक्टर "गाठीत गेला आहे" एवढेच म्हणतात आणि घरच्यांना ते "सर्व संपले" असे ऐकू येते. या दोन वाक्यांत फार मोठे अंतर आहे. कोणत्या ग्रंथी, किती आणि कोठल्या, हा पहिला प्रश्न विचारलाच पाहिजे.

त्याचे उत्तर देणाऱ्या तपासण्यांचाही क्रम आहे. पीएसए आणि बोटाची तपासणी शंका निर्माण करतात. एमआरआय ग्रंथीतील संशयित जागा दाखविते. बायोप्सी, म्हणजे सुईने घेतलेले तुकडे, निदान पक्के करते आणि आजाराची आक्रमकता सांगते. अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञ डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६०च्या दशकात बसविलेली गुणपद्धती आजही वापरात आहे. अहवालात ग्लीसन ६ असेल तर आजार सौम्य, ७ मध्यम आणि ८ ते १० आक्रमक. आक्रमक आजारात प्रसार शोधण्यासाठी पीएसएमए पेट स्कॅन ही नवी तपासणी उपलब्ध आहे. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिची अचूकता ९२ टक्के आढळली, तर जुन्या सीटी स्कॅन आणि अस्थिस्कॅन या जोडीची ६५ टक्के. पुण्यात ही तपासणी होते. महाग आहे, परंतु आक्रमक आजारात उपचारांची सारी दिशा तिच्यावर ठरू शकते.

उपचारांच्या वाटा

आजार ग्रंथीपुरता असेल तर लक्ष ठेवणे, शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार, यांपैकी निवड असते. आजार जवळच्या लसिका ग्रंथींत असेल तर एकच उपचार सहसा पुरत नाही, उपचारांची जोड लागते.

सर्वाधिक स्वीकृत जोड अशी : प्रोस्टेट आणि ओटीपोटातील लसिका ग्रंथी या दोहोंना किरणोपचार, त्यासोबत दोन ते तीन वर्षे पुरुषी संप्रेरक दाबून ठेवणारा उपचार आणि त्यात दोन वर्षे ॲबिराटेरोन ही गोळी. ब्रिटन आणि स्वित्झर्लंडमधील सुमारे दोन हजार रुग्णांवरील अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील रुग्णांचा आजार लसिका ग्रंथींत पोहोचलेला तरी होता किंवा तेथे पोहोचलेला नसूनही अतिशय आक्रमक होता. ॲबिराटेरोनची जोड मिळालेल्यांपैकी ८६ टक्के रुग्ण सहा वर्षांनंतर हयात होते. ती जोड न मिळालेल्यांत हे प्रमाण ७७ टक्के होते. "गाठीत गेला" असे ऐकून हातपाय गाळणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हे आकडे लक्षात ठेवावेत.

काही निवडक रुग्णांत प्रोस्टेट आणि ओटीपोटातील ग्रंथी शस्त्रक्रियेने काढतात. काढलेल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर प्रसाराचे चित्र निश्चित होते आणि पुढे किरणोपचार अथवा संप्रेरक उपचार लागू शकतात. ही शस्त्रक्रिया दुर्बिणीने अथवा यंत्रमानवाच्या साहाय्याने करता येते. यंत्रापेक्षा शल्यचिकित्सकाचा हात आणि अनुभव अधिक महत्त्वाचा. लघवीवरील ताबा काही काळ सुटणे आणि लैंगिक क्षमता घटणे हे या शस्त्रक्रियेचे परिणाम पतिपत्नी दोघांनाही आधी सांगितले गेले पाहिजेत. किरणोपचारांचे परिणाम वेगळे : वारंवार लघवी, शौचाच्या तक्रारी, क्वचित रक्त पडणे.

वय फार असेल, हृदयविकारासारखे अन्य आजार बळावलेले असतील तर केवळ संप्रेरक उपचारही योग्य ठरतो. आजार दूरवर गेला असेल तर संप्रेरक उपचारासोबत ॲबिराटेरोन, एन्झालुटामाइड यांसारख्या गोळ्या आणि काहींना डोसेटॅक्सेल हे केमोथेरपीचे औषध दिले जाते. त्यापुढच्या टप्प्यात ल्युटेशियम-१७७ या किरणोत्सारी मूलद्रव्याचा उपचार आहे. हे मूलद्रव्य आपल्या देशात तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होते, ही अभिमानाची बाब. दूरवर गेलेला आजार पूर्ण बरा होणे कठीण असले, तरी अनेकजण त्यासह काही वर्षे चालते-फिरते जीवन जगतात.

परळमधील संशोधन

या आजारात लसिका ग्रंथींवर उपचार कधी करावेत, या प्रश्नाला महत्त्वाचे उत्तर महाराष्ट्रातून मिळाले. मुंबईत परळला १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वेदांग मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ ते २०१७ या काळात २२४ रुग्णांची अभ्यासासाठी नोंद केली. या रुग्णांच्या तपासण्यांत लसिका ग्रंथी स्वच्छ दिसत होत्या, परंतु आजार आक्रमक असल्याने ग्रंथींत न दिसणारा प्रसार असण्याची शक्यता मोठी होती. निम्म्यांना केवळ प्रोस्टेटला किरणोपचार दिले, निम्म्यांना ओटीपोटातील ग्रंथींनाही.

२०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनंतर पीएसए पुन्हा न चढलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ८१ टक्के होते, दुसऱ्या गटात ९५ टक्के. दूरवर प्रसारही दुसऱ्या गटात कमी झाला. लघवीच्या उशिरा उद्भवणाऱ्या तक्रारी मात्र दुसऱ्या गटात काहीशा अधिक होत्या आणि तेवढ्या काळात एकूण आयुर्मानात फरक दिसला नाही. ही दुसरी बाजूही संशोधकांनी प्रामाणिकपणे मांडली. परदेशांतील तज्ज्ञही आज या अभ्यासाचा आधार घेऊन चर्चा करतात. जे रुग्ण परळच्या रांगेत उभे राहिले, आपल्या संमतीने अभ्यासात सहभागी झाले, त्यांनी पुढच्या रुग्णांसाठी केलेले हे निरपेक्ष कार्यच होय.

संप्रेरकांचा उपचार आणि पुरुषाचे मन

शिकागोतील चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले की हा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर पोसला जातो आणि ते बंद केले की आजार मागे हटतो. १९६६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे संप्रेरक दाबण्याचे आज दोन मुख्य मार्ग आहेत. एक, दर महिन्याला, तीन महिन्यांनी अथवा सहा महिन्यांनी इंजेक्शन. दुसरा, वृषणे काढण्याची छोटी शस्त्रक्रिया. दोन्हींचा आजारावरील परिणाम सारखाच. शस्त्रक्रिया एकदाच होते आणि स्वस्त पडते, परंतु ती कायमची असते. दोन-तीन वर्षांपुरताच उपचार हवा असेल तर इंजेक्शन योग्य, कारण ती थांबविता येतात. आयुष्यभर उपचार लागणार असेल आणि खर्च झेपत नसेल तर शस्त्रक्रियेत कमीपणा मानण्याचे कारण नाही.

ही गोष्ट लिहायला सोपी आहे, ऐकायला नाही. आयुष्यभर घराचा कर्ता म्हणून वावरलेल्या पुरुषाला हा निर्णय आतून हलवितो. पुष्कळदा तो पत्नीलाही सांगत नाही. उपचार सुरू झाल्यावर अंगातून उष्णतेच्या वाफा येतात, स्नायू गळतात, पोट सुटते, हाडे ठिसूळ होतात, रक्तातील साखर वाढू शकते, मन खिन्न होते, चिडचिड होते. घरच्यांना वाटते, बाबांचा स्वभाव बदलला. तो स्वभावाचा नव्हे, औषधाचा परिणाम असतो आणि तो आधी ठाऊक असेल तर घरातील पुष्कळ कटुता टळते. चालणे, वजन उचलण्याचे हलके व्यायाम, डॉक्टरांच्या सल्ल्याने कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व, हाडांची तपासणी, रक्तदाब आणि साखरेवर लक्ष, हा उपचारांचाच भाग आहे.

आपल्या परिवारांत योग, प्राणायाम आणि आयुर्वेदावर श्रद्धा आहे. योगासने आणि प्राणायाम या काळात शरीराला बळ आणि मनाला स्थैर्य देतात. परंतु काढे, भस्मे किंवा अन्य घरगुती औषधे मुख्य उपचारांच्या जागी घेऊ नयेत आणि सोबत घ्यावयाची असल्यास कर्करोगतज्ज्ञांना सांगितल्याविना घेऊ नयेत. ॲबिराटेरोन यकृतावर ताण आणू शकते, त्यात अनोळखी औषधाची भर घातक ठरते. ही गोळी ठरल्या पद्धतीनेच घ्यावी लागते. उपाशीपोटी घेण्यास सांगितलेली गोळी स्वतःच्या मनाने जेवणासोबत घेतल्यास रक्तातील तिचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते. परंपरेचा मान राखणे आणि आजाराबाबत सत्य बोलणे यांत विरोध नाही.

लपविण्याची किंमत

फ्रान्सचे अध्यक्ष फ्रान्स्वा मितराँ यांना १९८१ मध्ये, अध्यक्षपदी आल्यानंतर काही महिन्यांतच, हा कर्करोग झाल्याचे आणि तो हाडांपर्यंत गेल्याचे कळले. त्यांनी उपचार घेतले, परंतु १९९२ पर्यंत देशाला सांगितले नाही. प्रकृती उत्तम असल्याची पत्रके निघत राहिली. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर हे मौन फ्रान्समध्ये मोठ्या वादाचा विषय झाले. याच्या उलट, दक्षिण आफ्रिकेचे नेल्सन मंडेला यांना २००१ मध्ये, वयाच्या ८३व्या वर्षी हा आजार आढळला तेव्हा तो जाहीर करण्यात आला. सात आठवडे किरणोपचार झाले. त्यानंतर ते बारा वर्षे जगले आणि ९५व्या वर्षी गेले.

संघपरिवाराला आपल्याच घरातील उदाहरण ठाऊक आहे. आजार वेगळा होता, छातीत गाठ होती. १ जुलै १९७० रोजी परळच्या टाटा रुग्णालयात डॉ. प्रफुल्ल देसाई यांनी श्रीगुरुजींवर कर्करोगाची शस्त्रक्रिया केली. त्यानंतर ५ जून १९७३ पर्यंत, जवळजवळ तीन वर्षे, श्रीगुरुजींचा प्रवास आणि कार्य सुरू राहिले. आजार लाजेचा मानला नाही, उपचार नाकारले नाहीत आणि उपचारांपायी कार्यही सोडले नाही. ज्येष्ठ स्वयंसेवकांनी यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे.

खर्च आणि व्यवस्था

हा आजार मध्यमवर्गीय घराला खर्चाने घाबरवितो. निवृत्तीवेतन तुटपुंजे, कंपनीचा विमा निवृत्तीबरोबर संपलेला, मुलांच्या डोक्यावर घराचे कर्ज. परंतु आज काही आधार आहेत. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकास, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. खासगी विमा किंवा कर्मचारी राज्य विमा योजनेचा लाभ असलेल्या ज्येष्ठांनाही ते मिळते. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. दोन्ही योजना संलग्न रुग्णालयांत आणि ठरलेल्या उपचारांसाठीच लागू होतात, म्हणून रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी भेटावे आणि मगच दाखल व्हावे. चाकणला काम करणाऱ्या मुलांनी आपल्या कंपनीच्या सामूहिक विम्यात आईवडिलांचा समावेश होतो का, हे या आठवड्यातच विचारून घ्यावे.

औषधांबाबत या नगरीला विशेष आठवण असावयास हवी. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने पेनिसिलिन देशात बनविले आणि परदेशी औषधावरील अवलंबन कमी केले. तीच परंपरा आज भारतीय औषध कंपन्या पुढे नेत आहेत. ॲबिराटेरोनसारखी एकेकाळी आवाक्याबाहेरची गोळी देशी कंपन्यांनी बनविल्यामुळे आज मूळ परदेशी किमतीच्या छोट्या अंशात मिळते. औषध लिहून घेताना त्याचे मूळ नाव विचारावे आणि देशी पर्यायांच्या किमती पडताळाव्यात.

परळला जावे लागलेच तर राहण्याची चिंता असते. संघकार्यकर्ते आणि डॉ. हेडगेवारांचे चरित्रकार नाना पालकर यांच्या स्मृत्यर्थ १९६८ मध्ये स्थापन झालेल्या नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन तेथे बाहेरगावच्या रुग्णांना आणि नातेवाइकांना अल्प दरात निवारा देत आले आहे. विदर्भातील कुटुंबांसाठी नागपूरजवळ जामठा येथे डॉ. आबाजी थत्ते यांच्या नावाच्या संस्थेने उभारलेली राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. रा. स्व. संघ जनकल्याण समितीच्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रांतून खाट, चाकाची खुर्ची अशी साधने नाममात्र शुल्कात मिळतात.

आपण काय करावयाचे?

पहिले, घरातील पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाशी या विषयावर एकदा मोकळेपणाने बोलावे. पत्नीने विचारावे, मुलाने विचारावे, सुनेनेही विचारण्यात काही वावगे नाही. "बाबा, रात्री किती वेळा उठता?" एवढा प्रश्न पुरेसा आहे.

दुसरे, पाठदुखीबरोबर पायांतील बळ जाऊ लागले, पाय बधिर झाले किंवा लघवी तुंबली, तर सकाळची वाट पाहू नये. आजार मणक्यात जाऊन मज्जारज्जूवर दाब आला असेल तर काही तासांचा उशीरही कायमचे पंगुत्व आणू शकतो.

तिसरे, निदान झाल्यावर अहवालांची एक फाईल करावी. पीएसएचे सर्व आकडे तारखेनिशी, बायोप्सीचा ग्लीसन गुण, स्कॅनचा अहवाल आणि सुरू असलेल्या औषधांची यादी त्यात असावी. कारखान्यात प्रत्येक यंत्राचे नोंदकार्ड ठेवणाऱ्या माणसाला हे शिकवावे लागणार नाही. मूत्ररोगतज्ज्ञ आणि किरणोपचारतज्ज्ञ या दोघांचे मत घेतल्याखेरीज उपचार निश्चित करू नयेत. या आजारात बहुधा एवढी सवड असते.

चौथे, ज्येष्ठ नागरिक संघ, मंदिरांचे कट्टे, प्रभात शाखा, सोसायट्यांच्या बैठका यांतून हा विषय बोलला जावा. ज्याने उपचार घेतले आहेत, त्याने इतरांना सांगावे. उपचार घेऊन बरा झालेला एक शेजारी जे धैर्य देतो, ते कोणतेही व्याख्यान देऊ शकत नाही. ज्यांची मुले दूर आहेत, अशांना किरणोपचारासाठी आठवड्यातून पाच दिवस नेण्या-आणण्याचे काम चार स्वयंसेवकांनी वाटून घेतले, तर रुग्णाचे मोठे ओझे उतरते. अनेक ज्येष्ठ उपचार अर्धवट सोडतात ते वेदनेमुळे नव्हे, तर मुलाला रजा मागायला लावण्याच्या संकोचाने.

ज्या पिढीने ही उद्योगनगरी हातांनी उभी केली, तिला म्हातारपणी एक साधा प्रश्न विचारण्याएवढी फुरसत आपल्याजवळ असली पाहिजे. आणि त्या पिढीनेही तो प्रश्न विचारला गेल्यावर खरे उत्तर दिले पाहिजे. आजार लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचला असेल तरीही उपचार आहेत, ते आपल्या आवाक्यात येऊ लागले आहेत. डॉक्टरांपर्यंत मात्र आपल्यालाच जावे लागते.